एकसष्टाव्या दिवसापासून पुढं

तुझा प्रश्न दोनदा वाचला, तिसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवला, त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं तिचं आहे असं समज. तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: खानापूर तालुक्यातलं गाव, हवालदार म्हणून २४ वर्षं करून चार महिन्यांपूर्वी पेन्शनवर आलास, वय ४३, पोरगी पीयूसी सेकंडला म्हणजे बारावीला, पोरगा आठवीत, आई-वडील थकलेत, शेती धाकटा भाऊ बघतो. सगळं मिळून चाळीसेक लाख खात्यावर आलेत. भाऊ म्हणतोय ट्रॅक्टर घेऊया, मेहुणा म्हणतोय प्लॉटमध्ये घाल, मित्र म्हणतोय चोर्ला रोडला धाबा टाकूया, आणि तू विचारतोयस पैसे कुठं लावू आणि बँकेत गार्ड म्हणून जाऊ का. शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीयस, घरात रोज किरकिर होते, कुणी ऐकत नाही, परत पलटणीत जावंसं वाटतं.

मला विचारशील तर तुझा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. पैशाचं सांगतो, गार्डचं पण सांगतो, पण ते दोन्ही त्या ओळीत अडकलेत. घरात आपलं कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस काहीतरी मोठं करून दाखवायला जातो आणि तेव्हाच धाबा निघतो. असले धाबे मी पाच-सहा बघितलेत, आता तिथं पत्रे राहिलेत नुसते.

माझं सांगायचं तर मी २००८ ला नायब सुभेदार म्हणून आलो, मराठा लाइट इन्फंट्री, २६ वर्षं. गाव बेळगावच्या पश्चिमेला. आल्यावर काही वर्षं बँकेत गार्ड केलं, आणि आता दहा-बारा वर्षं आठवड्यातून दोन दिवस माजी सैनिकांचे आणि त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांचे कागद बघून देतो, पैसे घेत नाही, चहा पाजला तर पितो. तू लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

आता बघ, जवानाला वर्षाची सुट्टी ६० दिवस, वर कॅज्युअल ३० दिवस. म्हणजे चोवीस वर्षं तू घरी आलास तो सुट्टीवर आलास. सुट्टीवरचा माणूस म्हणजे काय, आल्या दिवशी कोंबडी, पोरं गळ्यात पडणार, आई जवळ बसून वाढणार, भाऊ गाडीची किल्ली देणार, आणि काही पटलं नाही तरी सगळे गप्प, कारण दोन महिन्यांत जाणार आहे, कशाला त्याचं मन मोडायचं. तू पण गप्प, कारण दोन महिन्यांनी जायचंय. दोन्हीकडून पाहुणचार चाललेला असतो आणि आपण त्याला घर म्हणतो. घर काय असतं ते एकसष्टाव्या दिवशी कळतं. तुझा एकसष्टावा दिवस होऊन दोन महिने झालेत, म्हणजे किरकिर अगदी टायमावर सुरू झालीय, उशीर नाही की घाई नाही.

माझा किस्सा सांगतो. मी आलो आणि चौथ्या दिवशी पोरांना पहाटे पाचला उठवलं. अंथरुणाच्या घड्या चौकोनी झाल्या पाहिजेत म्हणून उभा राहिलो. चपला एका लाइनीत. मग स्वयंपाकघरात शिरलो, डबे उंचीप्रमाणे लावले, बारीक पुढं, मोठे मागं, मला वाटलं काय छान झालं. संध्याकाळी बायकोला हळद सापडेना. तिनं काही न बोलता सगळे डबे परत खाली काढले आणि म्हणाली, अहो इथं माणसं राहतात, पलटण नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, दोन दिवस बोललो नाही. पण मग एक दिवस लाईट बिल भरायला गेलो तर मला आरआर नंबर म्हणजे काय ते माहीत नाही. गॅसचं पुस्तक कुठं, डेअरीचा हिशेब कुठल्या वारी मिळतो, पोरीच्या शाळेत सही कोण करतं, वडिलांची बीपीची गोळी सकाळची की रात्रीची, कायच माहीत नाही. सव्वीस वर्षं मी पैसे पाठवत होतो आणि मला वाटायचं मी घर चालवतोय. घर ती चालवत होती. सुभेदार ती होती, मी नवीन रंगरूट आलो होतो आणि पहिल्याच दिवशी सुभेदाराची बॅरक बदलायला निघालो होतो.

म्हणून पहिलं सांगणं हे की एक वर्ष घरातलं काही बदलू नको. काहीही. गोठ्याची जागा, पोरांची झोपायची वेळ, भावाचं पीक, आईचं देवघर, काही नाही. बघ, शीक, विचार. नवीन युनिटमध्ये पोस्टिंग झालं की आपण काय करतो, पहिले पंधरा दिवस कान उघडे तोंड बंद, तसंच. आणि एखादं काम पूर्ण अंगावर घे जे दुसऱ्या कुणाला नको असतं. मी वडिलांना दवाखान्यात न्यायचं काम घेतलं आणि डेअरीला दूध घालायचं. कमी वाटेल पण सहा महिन्यांत घरात मला जागा झाली ती त्या दोन कामांमुळे, पेन्शनमुळे नाही.

हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही हेही सांगतो. वहिनी जर तुझ्याबरोबर फॅमिली क्वार्टरला बरीच वर्षं राहिली असेल तर प्रश्न उलटा, मग तुम्ही दोघंही त्या गावच्या घरात नवीन, आणि घर भावजयीचं. तेव्हा वेगळी चूल लवकर मांडलेली बरी, प्रेमानं, भांडून नाही. आई-वडिलांची तब्येत, घरात खोल्या किती, भावाला दुसरं काही उत्पन्न आहे की नाही, यावर पण अवलंबून आहे. तू यातलं काही लिहिलेलं नाहीस म्हणून मी असं धरून चाललोय की वहिनी गावातच राहिली.

आता पैसा. ते चाळीस लाख म्हणजे लॉटरी नव्हे, हे आधी डोक्यात घे, कारण आजूबाजूचे सगळे ती लॉटरीच समजतायत. फोडून बघ. त्यात फंडाचे आहेत ते तुझ्याच पगारातून कापलेले. ग्रुप इन्शुरन्सचे आहेत ते पण तुझ्याच हप्त्याचे. सुट्टी शिल्लक होती तिचे पैसे, ते जास्तीत जास्त ३०० दिवसांचे मिळतात. ग्रॅच्युइटी. आणि राहिलं कम्युटेशन, तिथं बहुतेक जण फसतात. आपल्याला अर्ध्यापर्यंत पेन्शन विकता येते. समजा मूळ पेन्शन २०,००० आणि तू अर्धी म्हणजे १०,००० विकलीस, तर तुझ्या वयाला गुणक नऊच्या आसपास, दहा हजार गुणिले बारा गुणिले नऊ, साधारण पावणेअकरा लाख हातात आले. त्याच्या बदल्यात पंधरा वर्षं दर महिन्याला १०,००० कापले जाणार, म्हणजे एकूण १८ लाख. वाईट सौदा आहे असं म्हणत नाही, महागाई भत्ता पूर्ण वीस हजारावर मिळत राहतो, पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते, मधेच आपलं काही बरंवाईट झालं तर फॅमिली पेन्शनमधून ते कापत नाहीत. पण समजून घे की ते पावणेअकरा लाख म्हणजे तू ५८ वर्षांचा होईपर्यंतचा तुझा किराणा आहे, आगाऊ आणलेला. तो मेहुण्याच्या प्लॉटमध्ये घातलास तर महिन्याचा किराणा कुठनं आणणार?

तर मी जे लोकांना करायला लावतो ते हे. वर्षभर लागतील तेवढे बाजूला ठेवून बाकी सगळं राष्ट्रीयीकृत बँकेत आणि पोस्टात अडकवून टाक, एक-एक वर्षाच्या ठेवीत, वेगवेगळ्या तारखेच्या पावत्या करून. पोस्टाची मंथली इन्कम स्कीम आहे, जॉइंट खात्यावर १५ लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज महिन्याला येतं, ते वहिनीच्या खात्यावर सोड. ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत फौजीला ५० व्या वर्षापासून जाता येतं, म्हणजे अजून सात वर्षं आहेत, लक्षात ठेव तेवढं. हे करून तू श्रीमंत होणार नाहीस. पण कुणी पैसे मागितले की तोंडावर "नाही" म्हणावं लागणार नाही, "अडकवलेत" म्हणायचं. आपल्याला नातेवाइकाला नाही म्हणता येत नाही, फौजीला तर अजिबातच नाही, मग पावतीला म्हणू दे.

सोसायट्या. इथं मी स्वतः पोळलोय म्हणून जरा लांबण लावतो. आपल्या बेळगाव भागात गल्लीगल्लीत पतसंस्था, सौहार्द आणि मल्टिस्टेट सोसायट्या. बऱ्याच चांगल्या पण आहेत, नाही म्हणत नाही. पण मी २०१० साली एका संस्थेत चार लाख ठेवले, का तर दोन टक्के जास्त देत होते आणि तिथला माणूस ओळखीचा, पोरीच्या बारशाला आलेला. तीन वर्षांनी शटर खाली. हेलपाटे मारून साठ हजार मिळाले, बाकीचे गेले. तेव्हा मला कुणी साधी गोष्ट सांगितली असती तर, की बँकेतल्या ठेवीला सरकारी विमा आहे, आज तो माणशी एका बँकेत ५ लाखांपर्यंत आहे, आणि असल्या क्रेडिट सोसायटीच्या ठेवीला तो विमा नसतो. सहकारी बँकेला असतो, सोसायटीला नसतो. पाटीवर काय लिहिलंय ते वाच, "बँक" शब्द आहे का बघ. त्या चार लाखांचं बायकोला सांगायला मला दोन महिने लागले आणि ती म्हणाली, मला त्या माणसाचा तेव्हाच संशय आला होता, तुम्ही विचारलं कुठं.

मेहुण्याचा प्लॉट. खरंच घ्यायचा असेल तर कागद असे बघ: शेतजमिनीचा गुंठा बॉण्डवर लिहून देत असेल तर उठून चालायला लाग. खरेदी दस्त रजिस्टर होतो का, एनए झालंय का, पंचायत हद्दीतला असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, फॉर्म ९ आणि ११ निघतो का. उतारा कन्नडमध्ये असतो, वाचता येत नाही म्हणून मेहुणा सांगतो त्यावर जाऊ नको, तलाठ्याकडं नाहीतर कन्नड येणाऱ्या वकिलाकडून ओळ न ओळ वाचून घे, तिथं बोजा लिहिलेला असतो. आणि खरं सांगू, गावात राहून कन्नड वाचायला शीक. भाषेचा वाद आपल्या जागी, पण सगळा कागद कन्नड आहे आणि तू ४३ चा आहेस, पोराच्या पुस्तकातनं तीन महिन्यांत येतं. पलटणीत तू हिंदी शिकलासच ना, काश्मिरात दोन शब्द काश्मिरी पण बोलत असशील.

ट्रॅक्टरचं सावकाश बोलूया कारण तिथं भाऊ आहे. भावानं चोवीस वर्षं शेती केली, आई-बापाचं केलं, तू पैसे पाठवलेस. दोघांच्या मनात हिशेब आहे आणि दोघांचे हिशेब जुळणार नाहीत. तू म्हणणार घर माझ्या पैशानं बांधलं, तो म्हणणार विहीर मी खांदली, पावसात रोप मी लावलं. दोन्ही खरं. पहिल्या वर्षात वाटणीचा विषय काढू नको आणि कुणाला काढू देऊ नको. ट्रॅक्टर हवाच असेल तर तो भावाच्या नावावर, बँकेच्या कर्जानं, आणि तू डाऊन पेमेंटला हातभार लाव, तो पण "दिला" असं म्हणून, "उसना" म्हणून नाही. किती एकर आहे तू लिहिलं नाहीस. दोन-तीन एकर भात आणि थोडा काजू असेल तर भाड्याचा ट्रॅक्टर परवडतो, स्वतःचा दारात उभा राहतो. ऊस असेल, बाहेरची कामं मिळवायची भावाच्यात धमक असेल, तर गोष्ट वेगळी. हे भावाला विचार, पण चार माणसांत नाही, बांधावर बसून.

धाब्याबद्दल एवढंच, तुला स्वतःला गल्ल्यावर सकाळी सहा ते रात्री अकरा बसता येणार असेल तर विचार कर, मित्र बसणार असेल तर नको.

आता गार्डची नोकरी. माझं मत आहे जा. पगारापेक्षा यासाठी की सकाळी डबा घेऊन बाहेर पडायला कारण मिळतं, घरातल्यांना दिवसा श्वास घेता येतो. पहिले दोन महिने मला त्याचा कमीपणा वाटला, नायब सुभेदार होतो आणि आता मॅनेजरच्या केबिनबाहेर उभा, गावातली माणसं पासबुक घेऊन यायची आणि "मेजर, जरा स्लिप भरून द्या" म्हणायची (गावात नाईक असो की सुभेदार, सगळे मेजरच). मग तेच आवडायला लागलं. पण गार्ड हीच एक नोकरी आहे असं समजू नको. केंद्र सरकारच्या ग्रुप सी मध्ये माजी सैनिकांना १० टक्के जागा राखीव असतात, वयातनं सर्व्हिसची सगळी वर्षं वजा करून वर तीन वर्षं सूट, आणि मॅट्रिक होऊन १५ वर्षं सर्व्हिस असली तर पदवी मागणाऱ्या बऱ्याच ग्रुप सी जागांना चालतं. पोस्ट, रेल्वे, बँक क्लार्क, हे बघत राहा. राज्य सरकारच्या जागांना कन्नड लागतं, तिथं परत तोच विषय. सीमाभागातल्या ८६५ गावांत तुझं गाव असेल तर महाराष्ट्राच्या भरतीला पण अर्ज करता येतो, जाहिरातीत रहिवासाची अट नीट वाच. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण ऑफिसात नाव नोंदवलंयस का? नसेल तर या आठवड्यात जा, ओळखपत्र तिथंच होतं आणि पुढची सगळी कामं त्या कार्डावर.

डीएससी, म्हणजे माजी सैनिकांना परत घेणारं डिफेन्स सिक्युरिटी कोअर, त्याबद्दल कोणीतरी सांगेलच. तिथं १५ वर्षं केलीस तर दुसरी पेन्शन, तुझ्या वयाला तेवढी भरतात का ते आधी विचारून घे, आणि डिस्चार्जनंतर ठरावीक वर्षांतच घेतात म्हणून घाई करायला लावतात. पण ते परत पेटी उचलणं आहे, परत सुट्टीवर घरी येणं. "पलटणीत जावंसं वाटतं" म्हणून जाणार असशील तर नको. पोरगी पीयूसीला, पोरगा आठवीत, ही दोन-तीन वर्षं परत येणार नाहीत. घरी बोलून, हिशेब करून, सगळ्यांच्या संमतीनं जाणार असशील तर चांगली नोकरी आहे.

पोरांचं. पोरीच्या सीईटीच्या फॉर्मवर एक्स-डिफेन्सचा रकाना असतो, तो भरायचा राहिला तर नंतर रडून उपयोग नाही, आणि त्याचं सर्टिफिकेट आधीच काढून ठेव. इंजिनिअरिंग, नर्सिंग असल्या कोर्सला गेली तर पंतप्रधान स्कॉलरशिप आहे, मुलीला महिना ३,००० रुपये, बारावीला ६० टक्के लागतात, पहिल्या वर्षालाच अर्ज करायचा. पोरगा आठवीत आहे तर बेळगावच्या मिलिटरी स्कूलला नववीला पण प्रवेश परीक्षा असते, जवानांच्या मुलांना जागा राखीव आहेत. पण त्याला विचार आधी. माझ्या थोरल्याला मी न विचारता भरतीच्या अकॅडमीत घातला होता, तो तीन दिवसांत पळून मामाकडं गेला. आज उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर आहे, मजेत आहे, माझ्याशी बोलायला मात्र पाच वर्षं लागली त्याला.

आता कागद. यातच माझी दहा वर्षं गेली, आणि इथं मी मवाळ बोलणार नाही. वहिनीचं नाव तुझ्या सर्व्हिस रेकॉर्डला कसं आहे, पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर कसं आहे, आधारवर कसं आहे, बँकेत कसं आहे, हे चारही आज रात्री काढून शेजारी शेजारी ठेव. आपल्याकडं हा घोळ घराघरात आहे. लग्नाच्या वेळी युनिटच्या क्लार्कनं इंग्रजीत एक स्पेलिंग टाकलं, इकडं आधार काढताना कन्नडवरनं दुसरं आलं, लक्ष्मीचं एका ठिकाणी एक्स तर एका ठिकाणी केएस, कुठं नवऱ्याचं नाव मधे, कुठं आडनावच नाही, माहेरचं नाव तर अजून तिसरं. माणूस जिवंत आहे तोवर याची काय अडचण होत नाही. तो गेला की त्याच दिवसापासून होते. एक बाई माझ्याकडं आली होती, नवरा शेतात साप चावून गेला, रेकॉर्डला "शांता", आधारला "शांतव्वा". फॅमिली पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. चौदा महिने ती दुसऱ्याच्या बांधावर भांगलायला जात होती आणि नवऱ्याची पेन्शन कागदात अडकून होती. आणि तो भला माणूस दर महिन्याला माझ्या इथं चहा प्यायला यायचा, मी एकदा पण विचारलं नाही की बायकोचं नाव तपासलंस का. तेव्हापासून मी येणाऱ्याला आधी तेच विचारतो, मग बस म्हणतो.

दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडनं होते. मराठाचा असशील तर बेळगावातच, चालत जा. आर्टिलरीचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, मग अर्ज पाठवून मागं लागावं लागतं. पोरांच्या जन्माचे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डला नोंदी, झालेत का तेही बघ. स्पर्श म्हणजे पेन्शनच्या वेबसाइटचं लॉगिन तुझ्या मोबाईलवर आहे, ठीक, पण पासवर्ड वहिनीला माहीत आहे का? वर्षाला हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला की पेन्शन थांबते, ती तारीख तिच्या पण कॅलेंडरवर असू दे. खातं दोघांचं, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे कुणाही एकाच्या सहीवर चालणारं. आणि तिला बसवून सांग की उद्या मी नसलो तर काय किती मिळणार, आधी काही वर्षं वाढीव दरानं, नंतर शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांप्रमाणं. अपशकुनी बोलता म्हणून ती उठून जाईल. जाऊ दे, परत बसव. माझी तीन वेळा उठली, चौथ्यांदा वही घेऊन बसली.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं, कार्ड सगळ्यांचं झालंय का, आई-वडिलांचं पण होतं, त्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असलं तर, सध्या महिना ९,००० अधिक महागाई भत्ता. पोराचं २५ वर्षांपर्यंत. रात्री-अपरात्री यादीत नसलेल्या दवाखान्यात न्यावं लागलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, एवढं एक वाक्य घरातल्या भिंतीवर मोठ्यानं लिहून ठेव. खानापूरच्या आतल्या गावातनं पावसाळ्यात बेळगाव गाठणं काय असतं ते तुला मी सांगायला नको.

दोन गोष्टी राहिल्या ज्या तू लिहिल्या नाहीस आणि फौजी लिहीत पण नाहीत. एक बाटली. कॅन्टीनचा कोटा काढलास की त्या आठवड्यात अचानक मित्र वाढतात, आणि त्यांच्याबरोबर तू रोज बसायला लागतोस, कारण तिथं तुझं ऐकतात. पलटणीतल्या गोष्टी तिथंच चालतात, घरात कुणाला त्यात रस नाही. मी असा दीड वर्ष बसलो. सुटलो ते कुणाच्या उपदेशानं नाही, बँकेची ड्युटी सकाळी होती म्हणून. दुसरी झोप. रात्री दचकून उठत असशील, पोरांवर हात उगारला जात असेल, बारीक आवाजानं डोकं सणकत असेल, तर ते तुझा स्वभाव बिघडला म्हणून नाही, चोवीस वर्षांत कुठं कुठं ड्युटी केलीस ते अंगात राहतं. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरला सरळ सांग, किंवा १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस म्हणून सरकारी लाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काय आहे, पायाला गोळी लागली असती तर लपवली असतीस का.

तर आत्ता लगेच करायचं ते एवढंच, नावं तपासणं, पैसे अडकवणं, सैनिक कल्याण ऑफिसात नोंद आणि पोरीचं सर्टिफिकेट. गार्डची जाहिरात आली की फॉर्म भर. ट्रॅक्टर, प्लॉट, धाबा पुढच्या वर्षी याच महिन्यात बघ, तोवर त्या तिघांतला एक तरी प्रस्ताव आपोआप मेलेला असेल.

बायको मागनं वाचतेय, ती म्हणते मुख्य गोष्ट सांगितलीच नाहीत. सकाळी सहा ते आठ या वेळात, पोरांचे डबे, आंघोळी, चूल, सगळं एकदम चाललेलं असताना, नवरा घरात नेमका कुठं उभा राहिला म्हणजे अडचण होत नाही, हे वहिनीला विचारून घे म्हणे. मी विचारलं होतं. मी अजून त्या वेळेला गोठ्यात असतो.